उपचाराच्या खोलीतला कणत्वरक

तोंडाच्या किंवा घशाच्या कर्करोगावर किरणोपचार सुरू झाला की तो सोमवार ते शुक्रवार, रोज एकदा, असा सहा-सात आठवडे चालतो. मध्येच यंत्र बंद पडले आणि उपचार लांबला, तर लांबलेल्या प्रत्येक दिवसामागे गाठ आटोक्यात येण्याची शक्यता सुमारे एका टक्क्याने, किंबहुना थोडी जास्तच, घटते. कारण सरळ आहे. उपचार सुरू होऊन तीन-चार आठवडे झाले की गाठीतल्या उरलेल्या पेशी पूर्वीपेक्षा वेगाने वाढू लागतात. सुट्टीच्या दिवशी किरण थांबतात, पेशी थांबत नाहीत.

वैद्यकीय कणत्वरकांवरचे लेख बहुधा सर्वांत नव्या आणि सर्वांत महागड्या यंत्रापासून सुरू होतात. मला हा एक टक्का आधी सांगावासा वाटला. गेल्या ७० वर्षांत या तंत्रज्ञानाने जे कमावले ते थक्क करणारे आहे, आणि त्याचा आढावा पुढे घेतलाच आहे. पण यंत्र किती शक्तीचे याइतकेच ते वर्षातले किती दिवस चालते आणि रुग्णाच्या घरापासून किती लांब आहे, यावरही रुग्णाचे जगणे अवलंबून असते. ही बाजू वैद्यकीय परिषदांमध्ये क्वचित चर्चेला येते.

कर्करोगाच्या साधारण निम्म्या रुग्णांना आजारपणात कधी ना कधी किरणोपचाराची गरज पडते. भारतात २०२२ साली सुमारे १४ लाख नव्या रुग्णांची भर पडल्याचा अंदाज आहे, म्हणजे गरजूंची संख्या ७ लाखांच्या घरात जाते. एका यंत्रावर वर्षाला ४५० ते ५०० नवे रुग्ण नीट घेता येतात. हिशेब केला तर देशाला दीड हजारांच्या आसपास यंत्रे हवीत. आज आहेत ती त्याहून बरीच कमी, आणि तीही मोठ्या शहरांत एकवटलेली.

यातली बहुतेक यंत्रे म्हणजे लिनॅक, अर्थात रेषीय कणत्वरक. ते आतून कसे चालते हे समजले की ते का बिघडते, महाग का असते आणि सांभाळायला माणसे का लागतात, हेही आपोआप समजते. तापलेल्या कॅथोडमधून सुटलेले इलेक्ट्रॉन तांब्याच्या एका पोकळ नळीत शिरतात. काही बनावटींत ही नळी जेमतेम हातभर लांब असते. तिच्या आत एकापुढे एक कप्पे असतात आणि त्यांत सेकंदाला ३०० कोटी आवर्तने करणाऱ्या मायक्रोवेव्ह लहरी सोडलेल्या असतात. झोक्याला नेमक्या क्षणी धक्का दिला की तो उंच जातो, तसा इलेक्ट्रॉनला प्रत्येक कप्प्यात नेमक्या वेळी धक्का मिळतो. नळीच्या टोकाशी पोहोचेपर्यंत त्याचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या ९९ टक्क्यांपलीकडे गेलेला असतो. तिथे तो टंगस्टनच्या चकतीवर आदळतो, आणि त्या अचानक लागलेल्या ब्रेकमधून क्ष-किरण बाहेर पडतात. बरीचशी ऊर्जा उष्णतेत जाते, म्हणून चकतीभोवती सतत थंड पाणी खेळवावे लागते. नळीत उत्तम निर्वात लागतो. लहरी पुरवणारा मॅग्नेट्रॉन काही हजार तास चालला की बदलावा लागतो. म्हणजे अखंड वीज, थंड पाणी, निर्वात आणि मॅग्नेट्रॉन या चारपैकी एक जरी रुसले तरी त्या दिवसाचे ४०-५० रुग्ण बाहेरच्या बाकावर बसून राहतात.

चकतीपासून रुग्णापर्यंतच्या मीटरभर अंतरात किरणांना आकार दिला जातो. आधी एक धातूचा शंकू झोत सपाट करतो. मग एकामागोमाग एक असे दोन आयन कक्ष किरणांची मात्रा मोजतात. पहिल्याने ठरलेल्या मात्रेला झोत तोडला नाही तर दुसरा तोडतो. त्याखाली टंगस्टनच्या पातळ पट्ट्यांच्या दोन फळ्या समोरासमोर असतात. प्रत्येक पट्टी स्वतंत्र मोटरवर पुढे-मागे सरकते आणि मधली फट गाठीच्या आकाराची होते.

सकाळी पहिला रुग्ण आत येण्याआधी या सगळ्याची परीक्षा होते. भिंतीवरच्या लेझरच्या रेषा यंत्राच्या केंद्रबिंदूवर मिलिमीटरभराच्या आत जुळतात का, दार उघडे असताना झोत सुरू होत नाही ना, मात्रा ठरलेल्या आकड्याच्या तीन टक्क्यांच्या आत आहे का, हे रोज तपासून वहीत लिहिले जाते. मग रुग्ण येतो. मानेवरच्या उपचारात प्लॅस्टिकची जाळीदार शीट गरम पाण्यात मऊ करून त्याच्या चेहऱ्यावर दाबून बसवलेली असते. थंड झाल्यावर तिचा त्याच्याच चेहऱ्याचा मास्क बनतो. मास्क टेबलाला अडकवला की डोके हलत नाही. टेक्नॉलॉजिस्ट बाहेर पडतात, जड दार लागते, आणि दीड-दोन मीटर जाडीच्या काँक्रीटच्या भिंतींमध्ये तो माणूस एकटा उरतो. बाहेरच्यांना तो फक्त कॅमेऱ्यातून दिसतो आणि इंटरकॉमवरून ऐकू येतो. झोत मिनिट-दोन मिनिटे चालतो. त्याला काहीच जाणवत नाही.

इथवर यायला बराच काळ लागला. रोंटगेनने १८९५ च्या नोव्हेंबरमध्ये क्ष-किरण शोधले आणि काही महिन्यांतच डॉक्टरांनी ते गाठींवर वापरून पाहिले. पण दोन-अडीच लाख व्होल्टच्या त्या काळच्या नळ्यांमधले किरण सर्वाधिक मात्रा कातडीवरच सोडत. आतली गाठ जळण्याआधी वरची त्वचा जळायची. रोज थोडी थोडी मात्रा दिली तर निरोगी पेशी मधल्या वेळात सावरतात, हे पॅरिसमध्ये रेगो आणि कुतार यांनी १९२० च्या दशकात दाखवले. आजच्या सहा-सात आठवड्यांच्या वेळापत्रकाचे मूळ तिथे आहे. खोलवर पोहोचायचे तर किरणांची ऊर्जा वाढवणे भाग होते, आणि ते काम भौतिकशास्त्रज्ञांकडे आले.

बर्कलेत सायक्लोट्रॉन उभारणाऱ्या अर्नेस्ट लॉरेन्स यांच्या आईला १९३७ साली कर्करोगाचे निदान झाले आणि थोडेच महिने उरल्याचे सांगितले गेले. लॉरेन्स यांच्याच प्रयोगशाळेत जन्मलेल्या तंत्रावर चालणारे दहा लाख व्होल्टचे एक क्ष-किरण यंत्र तेव्हा सॅन फ्रान्सिस्कोत होते. रॉबर्ट स्टोन या डॉक्टरांनी त्यावर उपचार केले आणि त्या पुढे बरीच वर्षे जगल्या. पण त्याच स्टोन यांची पुढची गोष्टही सांगायला हवी. १९३८ पासून त्यांनी सायक्लोट्रॉनमधले न्यूट्रॉन दोनशेहून अधिक रुग्णांवर वापरले. गाठी विरघळल्या, पण काही वर्षांनी रुग्णांच्या निरोगी अवयवांत इतके भीषण दुष्परिणाम दिसले की १९४८ साली त्यांनी स्वतःच ही पद्धत सोडून द्यावी असे लिहिले. किरण जास्त मारक झाले म्हणून उपचार जास्त चांगला होत नाही. आपल्याच कामाबद्दल एवढ्या स्पष्टपणे निर्णय देणारा हा डॉक्टर मला या इतिहासातला फार मोठा माणूस वाटतो.

लिनॅकची कल्पना इसिंग या स्वीडिश शास्त्रज्ञाने १९२४ साली मांडली आणि विडेरो या नॉर्वेजियन इंजिनियरने १९२८ पर्यंत आखेनमध्ये ती करून दाखवली. अडत होते ते ताकदवान मायक्रोवेव्हपाशी. ती युद्धाने पुरवली. शत्रूची विमाने हेरणाऱ्या रडारसाठी रँडल आणि बूट यांनी १९४० साली बर्मिंगहॅममध्ये शक्तिशाली मॅग्नेट्रॉन बनवला. त्याआधी १९३७ साली स्टॅनफर्डमध्ये व्हॅरियन बंधूंनी क्लिस्ट्रॉन तयार केला होता. युद्ध संपल्यावर हीच उपकरणे रुग्णालयांकडे वळली. १९५३ साली लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात ८ एमव्ही (म्हणजे ८० लाख व्होल्टच्या) लिनॅकवर पहिल्या रुग्णावर उपचार झाले. १९५६ साली स्टॅनफर्डमध्ये हेन्री काप्लान या डॉक्टरांनी आणि एडवर्ड गिन्झ्टन या भौतिकशास्त्रज्ञाने मिळून दोन वर्षांच्या एका मुलाच्या डोळ्यातल्या गाठीवर ६ एमव्हीचा झोत टाकला. त्याचा एक डोळा आधीच काढावा लागला होता. दुसऱ्याची दृष्टी वाचली. ६ एमव्हीचे किरण सर्वाधिक मात्रा त्वचेखाली दीड सेंटीमीटरवर देतात, त्वचेवर नाही, म्हणून कातडी वाचते. ही ऊर्जा पुढे जगभर रुळली आणि आजही बहुतेक उपचार तिच्यावरच होतात. १० एमव्हीच्या वर गेले की न्यूट्रॉन निर्माण होऊ लागतात आणि दारे-भिंती आणखी जड कराव्या लागतात, हे त्याचे दुसरे कारण.

दरम्यान कॅनडाने वेगळी वाट काढली होती. १९५१ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लंडन (ऑन्टारियो) आणि सॅस्कटून या दोन गावांत कोबाल्ट-६० ची यंत्रे सुरू झाली. त्यात कणत्वरक नाही, मायक्रोवेव्ह नाही. शिशाच्या जाड कवचात किरणोत्सारी कोबाल्टचा तुकडा आणि त्याला उघडझाप करणारी यंत्रणा, एवढेच. वीज गेली तरी कोबाल्ट किरण देतच राहतो. म्हणून पुढची चार दशके भारत, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेत किरणोपचार म्हणजे कोबाल्ट हेच समीकरण होते. चेन्नईच्या अड्यार कॅन्सर इन्स्टिट्यूटने १९५७ साली कोबाल्ट यंत्र आणले आणि १९७६ साली देशातला पहिला लिनॅकही तिथेच बसला.

१९८० नंतरची खरी क्रांती किरण घडवण्यात झाली, त्यांची शक्ती वाढवण्यात नव्हे. सीटी स्कॅनमुळे गाठ त्रिमितीत दिसू लागली. संगणकावर झोतांची दिशा आणि तीव्रता ठरवता येऊ लागली. सरकत्या पट्ट्यांमुळे एकाच झोतातही कुठे जास्त, कुठे कमी मात्रा देणे शक्य झाले. यालाच आयएमआरटी म्हणतात. पुढे यंत्रावरच छोटा स्कॅनर बसला आणि रोज उपचाराआधी गाठ जागेवर आहे का ते पाहता येऊ लागले. या सगळ्याने रुग्णाला नेमके काय मिळाले, याचे एक फार चांगले उत्तर आपल्याकडेच तयार झाले आहे. टाटा मेमोरियल सेंटरच्या पार्सर या चाचणीत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या ३०० स्त्रियांची दोन गटांत विभागणी करण्यात आली. एका गटाला जुन्या त्रिमिती पद्धतीने किरण दिले, दुसऱ्याला रोज प्रतिमा घेऊन आयएमआरटीने. तीन वर्षांत आतड्याचा मध्यम किंवा तीव्र त्रास जुन्या पद्धतीत ४२.४ टक्के स्त्रियांना झाला, नव्यात २१.१ टक्के. कर्करोग दोन्हीकडे सारखाच आटोक्यात राहिला. २०२१ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वारंवार शौचाला पळावे लागल्याने शेतमजुरी सुटलेल्या बाईसाठी या निम्म्या आकड्याचा अर्थ काय, हे वेगळे सांगायला नको.

संगणक आला तशी एक नवी जोखीमही आली. थेरॅक-२५ हे कॅनडात बनलेले लिनॅक इलेक्ट्रॉन आणि क्ष-किरण असे दोन्ही झोत देई. क्ष-किरणांसाठी इलेक्ट्रॉनचा प्रवाह सुमारे शंभरपट लागतो, पण तो चकतीवर आदळून विरतो. चकती मध्ये नसताना तेवढा प्रवाह सुटला तर तो थेट रुग्णाच्या अंगात घुसेल. आधीच्या थेरॅक-२० मध्ये हे होऊ नये म्हणून स्वतंत्र विद्युत अडसर होते. थेरॅक-२५ मध्ये ते काढून सगळी जबाबदारी सॉफ्टवेअरवर टाकली गेली. १९८६ च्या मार्चमध्ये टेक्सासमधल्या टायलर गावी ऑपरेटरने पडद्यावर इलेक्ट्रॉनऐवजी चुकून क्ष-किरणांचे अक्षर दाबले. चूक लक्षात येताच तिने कर्सर वर नेऊन झटपट दुरुस्त केली. ही दुरुस्ती आठ सेकंदांच्या आत झाली आणि सॉफ्टवेअरच्या एका भागाला ती कळलीच नाही. पडद्यावर ‘मालफंक्शन ५४’ असा संदेश आला. असे संदेश रोज येत, आणि त्यांचा अर्थ पुस्तिकेत नीट दिलेला नव्हता. तिने पुढे जाण्याची कळ दाबली. आत रुग्णाला पाठीत विजेचा झटका बसल्यासारखे वाटले. तो उठू लागला तोच दुसरा झटका बसला. त्या दिवशी कॅमेरा जोडलेला नव्हता आणि इंटरकॉम बिघडलेला होता. पाच महिन्यांनी तो गेला.

तिथले फिजिसिस्ट फ्रिट्झ हेगर यांनी त्या ऑपरेटरबरोबर बसून कळा पुन्हा पुन्हा दाबल्या आणि नेमक्या कोणत्या वेगाने अक्षर बदलले की संदेश येतो ते शोधून काढले. निर्मात्यांना जे जमले नव्हते ते रुग्णालयातल्या एका माणसाच्या चिकाटीने जमले. १९८५ ते १९८७ या काळात या यंत्राचे सहा अपघात झाले आणि किमान तीन जीव गेले. नंतरच्या चौकशीत आणखी एक गोष्ट उघडकीस आली. सॉफ्टवेअरमधला तसाच दोष थेरॅक-२० मध्येही होता, पण तिथे फक्त फ्यूज उडत. मोजमापाची दुहेरी साखळी, संदेशांची स्पष्ट भाषा, नव्या प्लॅनची रुग्णाआधी प्रतिकृतीवर चाचणी, हे आज आपण गृहीत धरतो. त्यातले बरेच काही या सहा माणसांच्या वेदनेतून आलेले आहे. आपल्याकडे अणुऊर्जा नियामक मंडळाच्या परवान्याशिवाय यंत्र चालवता येत नाही आणि प्रत्येक केंद्रात किरणसुरक्षा अधिकारी असावाच लागतो. हे नियम कुणाला जाचक वाटत असतील, तर त्यांनी टायलरची हकिकत वाचावी.

आता प्रोटॉन. क्ष-किरण गाठीतून आरपार जातात आणि पलीकडच्या अवयवांनाही मात्रा देतात. प्रोटॉनचे तसे नाही. तो वाटेत थोडी ऊर्जा सोडतो, शेवटच्या काही मिलिमीटरमध्ये उरलेली बहुतेक सोडतो आणि थांबतो. विल्यम हेन्री ब्रॅग यांनी हा गुण १९०४ च्या सुमारास अल्फा कणांमध्ये पाहिला होता. प्रोटॉनचा हा गुण उपचाराला वापरावा, असे १९४६ साली रॉबर्ट विल्सन या भौतिकशास्त्रज्ञाने लिहिले. विल्सन अणुबाँबच्या प्रकल्पात होते आणि युद्धानंतर त्यांनी हा निबंध लिहिला. १९५४ साली बर्कलेत पहिल्या रुग्णांना प्रोटॉन दिले गेले, पण पुढची ३६ वर्षे हे काम भौतिकीच्या प्रयोगशाळांच्या सवडीनेच होत राहिले. रुग्णालयासाठी म्हणून उभारलेले पहिले प्रोटॉन केंद्र १९९० साली कॅलिफोर्नियातल्या लोमा लिंडा येथे सुरू झाले. त्याचा त्वरक फर्मीलॅबने बांधला. आणि फर्मीलॅबचे पहिले संचालक होते विल्सन.

प्रोटॉनचा फायदा सर्वांत उघड दिसतो तो लहान मुलांत. मेंदूच्या मागच्या भागात होणाऱ्या मेड्युलोब्लास्टोमा या कर्करोगात डोक्यासह संपूर्ण पाठीच्या कण्याला किरण द्यावे लागतात. क्ष-किरण कण्यातून पुढे निघून हृदय, फुप्फुसे, यकृत, आतडी यांतून जातात. प्रोटॉन कण्याच्या पुढच्या कडेला थांबवता येतो. पाच वर्षांच्या मुलाला पुढे ६० वर्षे जगायचे आहे. त्याच्या हृदयाला आज न मिळालेली मात्रा तो चाळिशीत असताना उपयोगी पडते. या मुलांसाठी प्रोटॉन हवा, याबद्दल माझ्या मनात शंका नाही.

मोठ्या माणसांच्या बाबतीत चित्र मिश्र आहे. अन्ननलिकेच्या कर्करोगावरच्या, २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी चाचणीत क्ष-किरण गटावरचे दुष्परिणामांचे एकूण ओझे प्रोटॉन गटाच्या दुपटीहून जास्त निघाले. जगण्याच्या प्रमाणात मात्र फरक दिसला नाही. प्रोस्टेटच्या कर्करोगात सुमारे ४५० पुरुषांवर झालेल्या पार्टिकॉल चाचणीचे निष्कर्ष २०२४ साली मांडले गेले. आतड्याच्या त्रासात दोन्ही गटांत फरक आढळला नाही. अमेरिकेत प्रोटॉन केंद्रांनी वर्षानुवर्षे सर्वाधिक रुग्ण घेतले ते याच आजाराचे. प्रोटॉन नेमका कुठे थांबेल यातही अनिश्चितता असते. वाटेतले हाड, हवा, आकसत चाललेली गाठ किंवा आतड्यातला वायू यांनी तो काही मिलिमीटर आधी किंवा नंतर थांबू शकतो. जो गुण त्याची ताकद आहे, तोच चुकला तर पुढच्या अवयवावर जाऊन आदळतो. म्हणून प्रोटॉनला रोजच्या प्रतिमा आणि वरचेवर नवा प्लॅन अधिकच लागतो.

भारतात चेन्नईचे अपोलो केंद्र २०१९ साली सुरू झाले. २०२३ साली खारघरमध्ये टाटा मेमोरियलच्या अ‍ॅक्ट्रेक परिसरात सरकारी क्षेत्रातले पहिले केंद्र रुग्णसेवेत आले. तिथे एका सायक्लोट्रॉनमधून २३० एमईव्हीपर्यंतचे प्रोटॉन निघतात आणि चुंबकांच्या रांगेतून तीन खोल्यांत वळवले जातात. प्रत्येक खोलीत रुग्णाभोवती फिरणारी गँट्री शंभर टनांहून जड आहे, आणि तरी झोत मिलिमीटरच्या आत नेमक्या जागी पोहोचावा लागतो. या ऊर्जेचा प्रोटॉन पाण्यात ३० सेंटीमीटरहून थोडा खोल जातो, म्हणजे शरीरातली कुठलीही गाठ त्याच्या आवाक्यात येते. गरीब घरातल्या मुलांना प्रोटॉन मिळण्याची वाट या केंद्राने उघडली, हे त्याचे सर्वांत मोठे काम. प्रौढांपैकी नेमका कुणाला फायदा होतो, याचा पुरावाही इथूनच यावा. एवढे रुग्ण आणि चाचण्या चालवण्याची एवढी परंपरा असलेली संस्था जगात दुर्मीळ आहे.

कार्बनचे कण प्रोटॉनपेक्षा दोन-तीन पट मारक आणि अधिक नेमके असतात. जपानच्या चिबात १९९४ पासून त्यांचा वापर चालू आहे, जर्मनीच्या हायडेलबर्गमध्ये २००९ पासून. हायडेलबर्गची फिरती गँट्री ६०० टनांच्या वर आहे. हाडाच्या आणि कवटीच्या तळाच्या काही हट्टी गाठींत कार्बनचे निकाल चांगले आहेत. खर्च मात्र इतका आहे की आपल्याकडे यावर घाई करण्यात अर्थ नाही.

फ्लॅश नावाच्या पद्धतीबद्दल सध्या सर्वाधिक उत्सुकता आहे. नेहमीचा लिनॅक मिनिटाला काही ग्रे (ग्रे हे मात्रेचे एकक) एवढी मात्रा देतो. फ्लॅशमध्ये सेकंदाला ४० ग्रेहून अधिक. २०१४ साली फ्रान्समधल्या संशोधकांनी उंदरांवर दाखवले की एवढ्या वेगाने दिलेली मात्रा गाठीला तितकीच मारते, पण निरोगी ऊतींना कमी इजा करते. असे का होते, यावर अजून एकमत नाही. २०१८ साली लोझानमध्ये त्वचेच्या लिम्फोमाच्या एका रुग्णाला १५ ग्रे मात्रा ९० मिलिसेकंदांत देण्यात आली. सर्नमध्ये विकसित झालेले त्वरक तंत्र वापरून खोल गाठींपर्यंत पोहोचणारे फ्लॅश यंत्र बांधण्याचे काम चालू आहे. हे मोठ्या चाचण्यांत टिकले तर सहा आठवड्यांचा उपचार काही दिवसांवर येऊ शकेल. पण स्टोन यांच्या न्यूट्रॉनांनीही पहिली काही वर्षे आशाच दाखवली होती. दुष्परिणाम उशिरा दिसले. इथे पाच-दहा वर्षे थांबून पाहणे हेच शहाणपण.

एमआरआय आणि लिनॅक एकत्र असलेली यंत्रे उट्रेख्टच्या संशोधनातून २०१७ नंतर वापरात आली. श्वासाबरोबर हलणारी गाठ झोत चालू असतानाही दिसते. बोरॉन टोचून त्वरकातल्या न्यूट्रॉनचा मारा करणारी पद्धत जपानने २०२० साली मंजूर केली. दोन्ही गोष्टी महत्त्वाच्या आहेत, पण सध्या तरी मोजक्याच केंद्रांपुरत्या.

पुन्हा साध्या यंत्राकडे येऊ, कारण खरा प्रश्न तिथेच अडलेला आहे. कोबाल्ट ठेवायचा की लिनॅक आणायचा? कोबाल्टच्या बाजूने त्याचा साधेपणा आहे. पण युगांडाचे एकमेव किरणोपचार यंत्र कोबाल्टचे होते. २०१६ साली ते दुरुस्त होण्यापलीकडे गेले आणि नवे येईपर्यंत अख्ख्या देशात बाहेरून किरण देण्याची सोयच उरली नाही. यंत्र साधे असले तरी एकच असले आणि म्हातारे झाले की हीच गत. दुसरे म्हणजे कोबाल्टचे अर्धे आयुष्य ५.२७ वर्षांचे. महिन्याला एका टक्क्याने स्रोत क्षीण होतो, प्रत्येक रुग्णाला लागणारा वेळ वाढत जातो, आणि वेळेवर नवा स्रोत आला नाही तर रांग लांबते. तिसरे, टाकून दिलेल्या स्रोताची भीती. १९८७ साली ब्राझीलच्या गोयानिया शहरात बंद पडलेल्या उपचार केंद्रातला सीझियमचा स्रोत भंगारवाल्यांच्या हाती लागला आणि चार जण मेले. लिनॅक बंद केला की त्यात किरण उरत नाहीत. माझे मत लिनॅकच्या बाजूने आहे, पण एका अटीवर : तो चालता ठेवण्याची सोय यंत्राबरोबरच यायला हवी.

भारताने दोन्ही वाटांवर स्वतःचे काम केले आहे आणि त्याची चर्चा फार कमी होते. भाभा अणुसंशोधन केंद्राने बनवलेले भाभाट्रॉन हे कोबाल्ट यंत्र २००५ साली अ‍ॅक्ट्रेकमध्ये बसले. पुढे ते देशभर गेले आणि व्हिएतनामसारख्या देशांना भेट म्हणूनही दिले गेले. पवईच्या समीर या संस्थेने ‘सिद्धार्थ’ हा स्वदेशी ६ एमव्ही लिनॅक तयार केला आणि असे यंत्र सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतही बसले. लिनॅकची जगभरची बाजारपेठ आज प्रामुख्याने दोन परदेशी कंपन्यांच्या हातात आहे. सुटे भाग त्यांचेच, इंजिनियर त्यांचेच, देखभालीच्या कराराचा दरही त्यांचाच. मॅग्नेट्रॉन परदेशातून यायला आठवडा लागला तर आधी सांगितलेला टक्का दर दिवशी रुग्णाच्या खात्यातून वजा होतो. देशी यंत्राचे मोल इथे आहे. ते जगातले सर्वोत्तम नसेल, पण त्याचा भाग पवईहून दुसऱ्या दिवशी सेवाग्रामला पोहोचू शकतो.

यंत्राची कमतरता भरून काढण्याचा एक मार्ग मात्रेच्या वेळापत्रकातही आहे, आणि तो फुकट आहे. स्तनाच्या कर्करोगात पूर्वी २५ दिवस किरण दिले जात. ब्रिटनच्या स्टार्ट चाचण्यांनी १५ दिवस पुरतात हे सिद्ध केले, आणि २०२० साली फास्ट-फॉरवर्डने दाखवले की बऱ्याच रुग्णांत एका आठवड्यातल्या पाच मात्रा पुरेशा आहेत. २५ चे १५ केले तरी त्याच यंत्रावर स्तनाच्या रुग्णांसाठी ४० टक्के वेळ मोकळा होतो. बीडहून मुंबईला येऊन दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत किंवा परळच्या फुटपाथवर दिवस काढणाऱ्या कुटुंबासाठी दोन आठवडे वाचणे म्हणजे दोन आठवड्यांची मजुरी वाचणे. हे साधण्यासाठीही यंत्र मात्र अचूक आणि नियमित चालावे लागते. मात्रा कमी दिवसांत द्यायची म्हणजे प्रत्येक दिवसाची चूक महाग.

माणसांचा प्रश्न उरतोच. लिनॅक चालवायला रेडिएशन ऑन्कॉलॉजिस्ट, मेडिकल फिजिसिस्ट आणि टेक्नॉलॉजिस्ट तिन्ही लागतात. जिल्ह्याच्या ठिकाणी यंत्र येते, बंकर बांधला जातो, उद्घाटन होते, आणि फिजिसिस्टचे पद रिकामे असल्याने परवाना अडतो, असे घडू नये. महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत किरणोपचाराचा खर्च बसतो, पण ती योजना यंत्राच्या देखभालीचे पैसे देत नाही. बार्शीसारख्या तालुक्याच्या गावी नर्गिस दत्त रुग्णालय उभे राहिले आणि १९८७ पासून तिथे देशातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी चालू झाली. गावाजवळ चांगले काम होऊ शकते याचा हा जुना दाखला आहे.

जी केंद्रे दुसरे यंत्र घेणार आहेत त्यांनी ते पहिल्याशी जुळवलेल्या झोताचे घ्यावे. दोन्ही लिनॅकचे झोत मोजमापात सारखे असतील, तर एक बंद पडल्यावर रुग्णाला त्याच दिवशी, नवा प्लॅन न करता, दुसऱ्यावर घेता येते. जुळवणीचे काम फिजिसिस्टला काही आठवडे लागते आणि निविदेत त्याची अट घालावी लागते. राष्ट्रीय कर्करोग जालाने, म्हणजे नॅशनल कॅन्सर ग्रिडने, औषधांची एकत्रित खरेदी करून किमती खाली आणल्या. देखभालीच्या करारांसाठीही तसेच एकत्र बोलणे करता येईल आणि यंत्र वर्षात किती दिवस चालले पाहिजे ही अट त्यात लिहिता येईल. ब्रिटनमध्ये डोके-मानेच्या कर्करोगाचे रुग्ण पहिल्या वर्गात, म्हणजे उपचारातला खंड ज्यांना सर्वांत घातक त्या वर्गात, मोडतात. त्यांचा उपचार दोन दिवसांहून जास्त लांबू द्यायचा नाही, असा तिथल्या रेडिऑलॉजिस्टांच्या संस्थेचा दंडक आहे. दिवस बुडाला तर शनिवारी उपचार द्यायचा, किंवा एकाच दिवशी सहा तासांच्या अंतराने दोन मात्रा द्यायच्या. आपल्या सरकारी केंद्रांतही शनिवारची पाळी मंजूर करून हा दंडक लावता येईल. त्यासाठी नवे यंत्र लागत नाही, तीन-चार माणसांची पदे आणि त्यांचा एका दिवसाचा भत्ता लागतो.